फ्री बॉलच्या आड

साहेब, आपल्या पिंपरीच्या कंपनीच्या क्लबातला तो स्नूकरचा सामना अजून डोक्यातून जात नाही. तुम्ही वर्क्स मॅनेजर, मी टर्नर. चिंचवडला पत्र्याची शेड घेऊन मी जुनं लेथ बसवलं होतं, आणि नोकरी सोडायचा धीर होत नव्हता. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "सोड." मग मी हळूच म्हटलं, "बाहेर तुमचं नाव सांगून काम मागितलं तर?" तुम्ही चहा संपवून उठलात.

सामन्याला तुम्हीच पंच. माझ्यासमोर आपले स्टोअरवाले, भोसरीचे जुने गाववाले. टेबलावर शेवटचा लाल बॉल राहिलेला, पांढरा आधी त्यालाच लागायला हवा. त्यांनी मारलं, पण पांढरा लालला लागल्याचा टक् आवाज काही माझ्या कानांवर आला नाही. तुम्ही फाउल दिलात. पांढरा निळ्याजवळ जाऊन थांबला. मी वाकून बघतोय, अर्धा लाल दिसतोय, आणि तुम्ही म्हणता, "फ्री बॉल."

"आवं सायेब, लाल दिसतोय की ढळढळीत," स्टोअरवाले म्हणाले. "निस्तं चष्मा पुसून बघा."

"दिसून भागत नाही," तुम्ही म्हणालात. "पांढरा सरळ मारून लालच्या दोन्ही कडांना लावता आला पाहिजे. डावी कड निळ्यानं झाकलीय. फाउलनंतर असं झालं की याला हवा तो बॉल लाल समजून खेळता येतो."

मी तपकिरी सांगितला. पांढरा त्याला नुसता टेकवला, आणि त्याच्याच मागे असा दडवला की स्टोअरवाल्यांना लाल दिसेना. मंडळी म्हणाली, "वा राव." तुम्ही म्हणालात, "फाउल. मोकळा मिळालेला बॉल खेळायला असतो. त्याच्याच आड समोरच्याला अडकवायचं नाही." त्या फाउलच्या गुणांनी मी मागं पडलो आणि हरलो.

मी सायकल काढत होतो, तेव्हा तुम्ही जवळ आलात. "कामाचे नमुने घेऊन फिर. माझं नाव कुठं घेऊ नकोस." मी घरापर्यंत रागानं पायडल हाणलं. पण नोकरी सोडली आणि फिरलो. आकुर्डीच्या एका कारखान्यात मी लेथवर कातलेले बुश मापून बघितले आणि विचारलं, "कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई, मीच आलो," म्हणालो.

वर्षभरात तुम्ही गेलात. तुमच्या नावावर मिळालेलं काम तुमच्याबरोबरच गेलं असतं, हे मला त्या दिवशी स्मशानातून परतताना उमगलं. आभार मानायला तुम्ही नव्हतात. हा कागद तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? शेड वाढली, पोरं शिकली, सगळं तुम्ही म्हणालात तसंच बरोबर निघालं. पण खरं सांगू का साहेब, तो सामना मला जिंकायचा होता. अजून चुटपुट लागते.