गाडी सोडून बाकी सगळं

आणि दादा, परवा फोनवर तू जे बोललास ना, "गाडीत फिरतोस आणि आईच्या चष्म्याला तुझ्याकडून बाराशे निघत नाहीत?" त्याचं उत्तर इथं लिहून ठेवतो, कारण फोनवर तू बोलू देत नाहीस. गाडीत मी फिरत नाही. गोदामात जातो आणि येतो. पहाटेच्या पाळीला बस नाही, आणि मुकादम म्हणाला, "वाहन नाही तर काम नाही."

तर मी, तुझा धाकटा भाऊ, वय चोवीस, शीतगोदामात खोकी उचलणारा, आज पूर्ण शुद्धीवर आहे, प्यायलेलो नाही, कुणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाही. माझ्यामागे काय कुणाचं, ते सांगतो. घाई एवढ्यासाठी की शेजारच्या खाटेवरचा लंबू गेला. हप्त्यासाठी सलग दोन पाळ्या केल्या आणि परतताना गाडी चालवता चालवता डोळा लागला. त्याची बातमी घरी पोचायच्या आत वसुलीवाल्याचा फोन त्याच्या बापाला पोचला. मीही दोन पाळ्याच करतो.

पहिलं, गाडी. ती कुणालाच देता येत नाही, अजून तीन वर्षं ती फायनान्सवाल्यांची. जुनी गाडी, नव्याच्या भावात, व्याज वेगळं. पगार कमी, नाव खराब, म्हणून बाकी सगळ्यांनी हाकललं. हा फायनान्सवाला एकटा म्हणाला, "या साहेब, बसा." जन्मात मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बसलो. स्टिअरिंगखाली त्यांनी एक पेटी लावली आहे. तारीख जवळ आली की टुंई टुंई करते, हप्ता चुकला की गाडी चालूच होत नाही. खोलीतली पोरं म्हणतात, "जा रे, बायको हाक मारतेय."

स्टेपनी, जॅक आणि पान्हे मात्र मी माझ्या पैशांनी घेतलेत. गाडी न्यायला आले तर ते आधी काढून घ्या.

दुसरं, भावोजी. माझं नाव खराब झालं ते त्यांच्या टीव्हीपायी. "तू नुसती सही कर, हप्ते मी भरतो." त्यांना मी काही ठेवत नाही. टीव्ही त्यांच्याकडे आहेच. माझी रजई ताईला द्या, पण ती भावोजींनी पांघरायची नाही.

तिसरं, तू. "घरात कर्ज न काढलेला मी एकटाच, ना?" असं म्हणत तू जामीनदार झालास. मी गेलो की ते गाडी विकतील आणि कमी पडेल ते मागायला तुझ्या सलूनमध्ये येतील. फायनान्सच्या ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं, या कागदाने दादाची सही पुसता येईल का? म्हणाला, नाही. मी मेलो तरी? "मेलास तर नाहीच नाही." दादा, सलूनची खुर्ची विकू नकोस. एवढंच लिहू शकतो. लिहून काही थांबणार नाही, हेही कळतं.

साक्षीदार दोन लागतात. सही म्हटल्यावर खोली रिकामी झाली. प्रत्येकाची कुठं ना कुठं अडकलेली आहे. दोघांनी केली, पण आपापली ओळ घालून.

साक्षीदार, मेसचा आचारी: मी फक्त बघितलं. हप्त्याशी माझा संबंध नाही.

साक्षीदार, मुकादम: माझाही नाही.

सही: तुझा धाकटा

ठिकाण: गोदामामागची खोली, खिडकीकडची खाट

तारीख: हप्ता भरल्याचा दुसरा दिवस. पेटी गप्प आहे.

हप्ता, भाडं, मेस, पेट्रोल जाऊन उरलं ते सगळं पाठवतो. चष्म्याची फ्रेम जुनीच राहू दे. एकच काच होत असेल तर आईला विचार, सुई कोणत्या डोळ्याने ओवतेस, आणि ती बसव. रक्कम: चारशे दहा.