एक जूनला जन्मलेल्या गावाचा दाखला

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, नेवासा,
जि. अहिल्यानगर.

अर्जदार : अश्विनी महेंद्र जगधने, रा. निंबखेडे खुर्द, ता. नेवासा.

विषय : आमच्या गावची जुनी माणसे झाडून १ जूनला जन्मली, यात कोणाचाही गुन्हा नाही, असा दाखला इंग्रजीतून व गोल शिक्क्यासह मिळणेबाबत.

संदर्भ : आफ्रिकेतील नोंदणी कार्यालयाची पत्रे (उत्तरोत्तर अधिक चकित).

महोदय,

१. माझ्या आजीचे वडील कालकथित बन्सी राघू घोडेराव (कालकथित असल्याचे कागदोपत्री सिद्ध व्हायचे आहे) मुंबईच्या गोदीत कामाला होते. सन १९५० मध्ये ते आफ्रिकेच्या बोटीवर चढले. मागे पत्नी भागिरथी व लहानगी मुलगी रतनबाई राहिल्या. पुढे भागिरथीबाई वारल्या, पत्रे थांबली आणि रतनबाई, म्हणजे माझी आजी, मामांच्या घरी वाढली व लग्न होऊन पुन्हा याच गावात आली. आज ती ऐंशीला टेकली आहे. मी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली असून बन्सी यांच्या मृत्यूची नोंद तिकडून मागवली.

२. तिकडे बन्सी नावाचे तीन मयत निघाले. एक मार्चमध्ये जन्मलेला, एक नोव्हेंबरमध्ये आणि तिसरा १ जून १९१९ रोजी. साहेब, मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढते. मोबाईलवर ते पत्र वाचून मी तिथल्या तिथे ओरडले, "तिसरा आपला!" बन्सी दुसरीपर्यंत आमच्याच गावच्या शाळेत होते आणि शाळेचा दाखला ट्रंकेत घालून बोटीवर चढले होते. रांगेतल्या लोकांनी कॅन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, कारण बहुतेकांची तारीख तीच.

३. नाते सिद्ध करण्यासाठी मी आजी, वडील महेंद्र, आई भारती व चुलते रामहरी यांचे कागद पाठवले. सर्वांची जन्मतारीख १ जून. उत्तर आले की, एका घरात इतकी माणसे एकाच दिवशी जन्मणे संशयास्पद आहे. मी कळवले की, मी स्वतः इस्पितळात जन्मले असून माझी तारीख १७ ऑगस्ट आहे. त्यावर विचारणा झाली की, मग तुम्ही याच घरातल्या कशावरून? दुधात पाणी आहे का, अशी शंका घेणे हा माझाही धंदा असल्याने मी राग धरला नाही. मात्र हसून हसून एका गवळ्याचे फॅट चुकीचे लिहिले, ते नंतर दुरुस्त केले.

४. मग मी सविस्तर खुलासा धाडला. पूर्वी मुलाला शाळेत घालताना त्याची तारीख कोणालाच ठाऊक नसे. शाळा जूनमध्ये भरे, म्हणून गुरुजी वर्ष अंदाजाने लिहीत आणि तारीख १ जून ठोकून देत. त्यांनी कळवले की, हे वेगळ्या तारखेला जन्मलेल्या ज्येष्ठ ग्रामस्थाने शपथेवर सांगावे. आम्ही गाव पालथे घातले. सरपंच १ जून. पोलीस पाटील १ जून. नोकरदार तर या तारखेमुळे सगळेच ३१ मे रोजी निवृत्त होतात, त्यामुळे गावात एकाच मांडवात सगळ्यांचे सत्कार उरकतात. अखेर वेगळ्या तारखेचे कानिफनाथ तात्या सापडले. त्यांच्या दाखल्यावर ३० फेब्रुवारी आहे. हा साक्षीदार आम्ही आपणहून वगळला.

५. आता शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याचा दाखला चालेल, असे तिकडून कळवले आहे. आपला निरोप समारंभ ३१ मे रोजी असल्याचे फलकावर वाचले आणि मला इतका आनंद झाला की, फलकाचा फोटोच काढला. आपली जन्मतारीख विचारण्याचा उद्धटपणा मी करत नाही. इतकेच म्हणते की, हा विषय आपणांस समजावून सांगावा लागणार नाही. आपल्यानंतरचे साहेब इस्पितळात जन्मलेले निघाले, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचे?

६. घाईचे खरे कारण वेगळे आहे. नोंदीची प्रत त्यांनी पाठवली आहे, पण खाजगी मजकुरावर काळी पट्टी मारून. शेवटचा रकाना 'अपत्ये : नाव व जन्मतारीख' असा आहे. रिकामे रकाने त्यांनी पांढरेच सोडले आहेत, या रकान्यात मात्र एका ओळीवर पट्टी आहे. नाते सिद्ध झाले की ती काढून देणार आहेत. मी ती आजीला दाखवली. तिने पट्टीवर बोट फिरवले व म्हणाली, "बाप मेला ह्ये मला कवाच कळलंय, त्याला कागुद कशाला? पर मी कवा जलमले ते आईला ठावं हुतं, आन् त्याला. गुरुजीनं लिवलेलं एक जून काय माझं न्हाई." मग पुन्हा बोट फिरवून म्हणाली, "वळ येकच हाय, आशू. म्हंजी मीच हाय." आणि ती पोरीसारखी हसायला लागली. मला रडू आले, हे अर्जात लिहितात की नाही ते ठाऊक नाही.

७. दरवर्षी १ जूनला आमच्या घरी सर्वांचा मिळून एक केक असतो. यंदा आजीने जाहीर केले आहे, "माजा दिस कळल्याबिगर मी केक खानार न्हाई." तरी दाखला ३१ मेच्या आत मिळावा. तो घ्यायला मी आजीला घेऊन येईन. साहेबांना एकदा बघायचेच, असे ती म्हणते.

आपल्या गोल शिक्क्याकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
अश्विनी महेंद्र जगधने
दि. १२ मे २०२५

सोबत :
१) तिकडील पत्रे व काळ्या पट्टीची प्रत
२) कानिफनाथ तात्यांचा दाखला (केवळ माहितीसाठी)
३) रतनबाईंचे आधार कार्ड (जन्मतारीख तूर्त १ जून)