एक कडी जास्त

१५ ऑगस्ट २०२०, शनिवार

साखळी दीड इंच जास्त लांब आहे.

चार वेळा मोजली. एकदा कापडी टेपने, दोनदा पोलादी टेपने, आणि चौथ्यांदा गॅरेजच्या जमिनीवर खडूने तीस फूट आखून, त्यावर ठेवून. तीस फूट दीड इंच. व्हायला हवी तीस फूट. दहा यार्ड म्हणजे दहा यार्ड.

कारणही सापडलं. २००९ मध्ये एका सामन्यात पंचाच्या पायात अडकून ती तुटली होती, तेव्हा मीच जोडली. तुटलेली एक कडी काढली आणि तिच्या जागी दोन घातल्या. सांधा अजून चकचकीत आहे. उत्तम काम. चुकीचं, पण उत्तम.

अकरा वर्षं दर ऑगस्टला ही साखळी पुसतो, तेल देतो, गोणपाटात गुंडाळतो. मोजली कधीच नाही. स्वतः केलेलं काम कोण मोजतं?

जोलीनने आत डोकावून विचारलं, बाहेर का येत नाहीस. म्हटलं, बाहेर फार गरम आहे. गॅरेजमध्ये एकशे चार फॅरनहाइट होतं.

१६ ऑगस्ट, रविवार

झोप नीट लागली नाही.

गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. पुस्तकं वाचून शिकलो, कोणी शिकवलं नाही. वेबलिन कॉलेजात मी विद्यार्थी म्हणून एक दिवससुद्धा गेलेलो नाही. पण गेली एकवीस वर्षं तिथल्या मैदानावर शनिवारी माझ्या हातात जे असतं, ते तिथल्या एकाही प्रोफेसरच्या हातात नसतं. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. सगळा खेळ या दहा यार्डांवर उभा आहे, आणि दहा यार्ड म्हणजे आमची साखळी. मागचा दांडा माझा, पुढचा मर्ल पेटीग्रूचा.

म्हणून २०१३ डोक्यातून जात नाही. ब्रॅनिगन कॉलेजशी अंतिम सामना. त्यांचा चौथा प्रयत्न, शेवटची दोन मिनिटं. पंचाने मापायला बोलावलं. आम्ही साखळी ताणली आणि चेंडूचं टोक मर्लच्या दांड्याच्या एक इंच अलीकडे राहिलं. त्यांचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक टॅव्हिस लिंडहोम गुडघ्यांवर बसला. आम्ही जिंकलो. करंडक अजून काचेच्या कपाटात आहे.

ते एक इंच अंतर मी सात वर्षं न्हाव्याच्या दुकानात अंगठा आणि बोट धरून लोकांना दाखवत आलोय.

साखळी दीड इंच जास्त लांब होती. म्हणजे ते पोचले होते. अर्धा इंच पुढेच होते.

१७ ऑगस्ट, सोमवार

जास्तीची कडी कापून काढली. सांधा पुन्हा जोडला, कानशीने घासला. तीस फूट. सहा वेळा मोजली.

कडी खिळ्यांच्या डब्यात टाकली. मर्लला सांगितलं नाही. त्याने तीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्या. त्याला इंच म्हणजे काय ते कळतं. त्यालाच सांगायचं म्हणजे फार झालं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

क्रीडा विभागाच्या ब्रेंडा स्ट्रॉबेलचं पत्र. घरचे चारही सामने 'परिस्थिती पाहून'. मोठमोठ्या कॉलेजांच्या संघटना खेळायचं की नाही यावर दर दोन दिवसांनी मत बदलतायत. आमच्यासारख्या लहान कॉलेजांना कोण विचारतो!

पत्राच्या शेवटी एक ओळ: ब्रॅनिगन कॉलेज येत्या मे महिन्यात कायमचं बंद होतंय. विद्यार्थीच उरले नाहीत. म्हणजे १० ऑक्टोबरचा आमच्याशी सामना हा त्यांचा इथला शेवटचा.

तो झालाच पाहिजे. खऱ्या साखळीवर एकदा तरी.

२३ ऑगस्ट, रविवार

जोलीनशी वाद. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. मार्चपासून तिथल्या म्हाताऱ्यांची मुलं खिडकीच्या काचेला हात लावून परत जातात.

ती म्हणाली, "खेळ झाला नाही म्हणून कोणी मरत नाही, डेल. झाला तर मरू शकतं."

मी म्हटलं, उघड्या मैदानावर वारा असतो.

"वाऱ्याला विचारलंस का?"

तिचं चुकत नाही, हे लिहून ठेवतो. तोंडाने म्हटलं नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार

पहिला सामना रद्द. समोरच्या संघात अकरा जण आजारी.

२६ सप्टेंबर, शनिवार

दुसरा रद्द. या वेळी आमचे सात. सगळे बरे आहेत, एकाला वास येत नाही. मर्ल म्हणाला, "कपडे बदलायच्या खोलीत राहणाऱ्याला वास येत नाही हे वरदान आहे, लेका."

७ ऑक्टोबर, बुधवार

ब्रॅनिगनचा सामना पुढे ढकलला. त्यांच्याकडे चाचणीत चार सापडले. आता ३१ तारीख, आणि ती शेवटची. त्यानंतर जागा नाही. १७ चा सामनाही गेला.

माझा चेहरा बघून जोलीनने राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले. दोन रोल खाल्ले. तिसरा अर्धा.

१४ ऑक्टोबर, बुधवार

ब्रेंडाने नवे नियम सांगायला आम्हाला मैदानावर बोलावलं. साखळीवाले सहा असायचे, आता तीन. मास्क पूर्ण वेळ. एकमेकांपासून सहा फूट.

मर्ल म्हणाला, "बाई, आम्ही दोघं एकवीस वर्षं एकमेकांपासून तीस फुटांवर उभे आहोत. म्हणून तर मैत्री टिकली."

ब्रेंडा हसली, मग कागद बघत म्हणाली, "पासष्टच्या वरच्यांना यंदा परवानगी नाही. मर्ल, तुमचं वय?"

"चौसष्ट."

"पासष्ट कधी?"

"पाच नोव्हेंबर. सामना एकतीसला. मी तरुण आहे."

मग सराव केला. मास्क लावला की मर्लच्या चष्म्यावर वाफ धरते. "मला पुढे ढग दिसतायत," म्हणाला. "पंच कुठला आणि खांब कुठला? कोणाशी बोलायचं ते सांग."

मापायचा सरावही झाला. मर्ल नेहमीसारखा वाकला आणि साखळीचं टोक दांड्याच्या बुडाशी मुठीत धरून बसला. ही त्याची जुनी वाईट खोड. दिसायला गबाळं दिसतं. मी आज परत म्हटलं, "ती दांड्याला बांधलेली आहे, मर्ल. पळून जाणार नाही."

"हाताला गार लागते. बरं वाटतं," तो म्हणाला. अकरा वर्षं हेच उत्तर.

२८ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. माझ्या नाकात काडी इतकी आत गेली की २०१३ च्या सामन्यापर्यंत पोचली असेल.

जोलीन म्हणाली, "झाला सामना तर परत आल्यावर कपडे गॅरेजमध्ये उतरव आणि थेट अंघोळीला जा. मी दोन आठवडे दिवाणखान्यात झोपीन. तिथल्या म्हाताऱ्यांसाठी." बरं म्हटलं. मग ती म्हणाली, "एवढं काय आहे या एका सामन्यात?"

तिला सांगितलं. कडीचं, २०१३ चं, सगळं. पहिल्यांदाच कोणाला तरी.

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "मग होऊ दे."

३० ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल आले. आमच्याकडे शून्य. ब्रॅनिगनकडे एक, पण तो त्यांचा बस चालवणारा. दुसरा चालक शोधतायत.

दुपारी ४:१० — मिळाला. सामना होणार.

साखळी पुन्हा मोजली. तीस फूट.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी एक्केचाळीस अंश फॅरनहाइट, कडक थंडी, वायव्येचा वारा. स्टँड रिकामा. घरच्यांना प्रत्येकी दोन जागा, एवढंच. कुंपणापलीकडच्या ज्वारीच्या शेतात लोकांनी ट्रक उभे केले होते. पीक गेल्याच आठवड्यात निघालंय. टपावर बसून लोक बघत होते, आणि टाळ्यांऐवजी भोंगे वाजवत होते. एका ट्रकवर भोपळा होता, त्यालाही मास्क.

टॅव्हिस लिंडहोम आता ब्रॅनिगनचा कोच आहे. केस मागे गेलेत. मला लांबून हात केला. मी खाली बघितलं.

सामना उत्तम झाला. कोणी विचारलं की साथीच्या काळात फुटबॉल खेळता येतो का, तर मी सांगेन: येतो. एकोणीस खेळाडू कमी, बँड नाही, पंचाची शिट्टी बटणावर वाजणारी, तरी चेंडू तसाच वेडावाकडा उसळतो. जोलीनचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अजून शिल्लक आहे. दोन आठवड्यांनी कळेल.

आम्ही २०-१७ पुढे. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद बाकी. चेंडू ब्रॅनिगनकडे, चौथा प्रयत्न. त्यांचा जाडा पोरगा ढिगाऱ्यात घुसला. पंचाने ढिगारा उपसला आणि आमच्याकडे हात केला. मापा.

आम्ही मैदानात गेलो. मी माझा दांडा खुणेवर रोवला. मर्ल चष्म्याच्या वाफेतून चाचपडत पुढे गेला, वाकला, साखळीचं टोक मुठीत धरलं आणि ताणली. भोंगे थांबले.

चेंडूचं टोक दांड्याच्या एक इंच पुढे.

पंचाने हात पुढे केला. पोचले! तीन खेळ्यांनंतर त्यांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन केलं. २४-२०. हरलो. ब्रॅनिगनची पोरं गवतावर आडवी पडून रडत होती आणि हसत होती. आपल्या ट्रकवाल्यांनीही भोंगे वाजवले. ते जिंकल्याबद्दल. अर्धं गाव विरोधकांसाठी भोंगे वाजवतंय, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

टॅव्हिस बरोबर सहा फुटांवर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आज साखळी आमच्यावर मेहरबान होती, साहेब."

मी म्हटलं, "साखळी कोणावर मेहरबान नसते. ती दहा यार्ड असते."

कपडे गॅरेजमध्ये उतरवले. थेट अंघोळ. जोलीनने दाराबाहेरून विचारलं, "फिटलं का?" फिटलं म्हटलं. अंघोळीत गाणं म्हटलं, असं ती म्हणते. मला आठवत नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

मर्ल माझ्या दुकानात आला, करवतीला धार लावायला. बाहेर बाकावर बसलो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. हरूनही भलत्याच खुशीत होता. म्हणाला, "पाच तारखेला म्हातारा होतोय, त्याआधी एक सांगून टाकतो. रागावू नकोस. तुझी साखळी लांब आहे."

मी करवत मांडीवर आडवी ठेवली.

"२००९ पासून. तू जोडलीस, त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात कळलं मला. मैदानाच्या एका रेषेवरून दहा यार्डांवरच्या रेषेवर धरली तर दांडा एक कडी पुढे पडायचा. फरशीवाला आहे मी, लेका. मग काय, टोकाची एक कडी मुठीत दाबून धरायला लागलो. माप चोख. प्रत्येक वेळी."

"२०१३ मध्येसुद्धा?"

"तेव्हा तर घट्ट धरली होती. खरंच एक इंच कमी पडले ते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुला? तू वर्षभर जेवला नसतास."

मी विचारलं, "आणि शनिवारी?"

"शनिवारीपण. चष्म्यातून काही दिसत नव्हतं, रेषासुद्धा नाही. पण मुठीला डोळे लागत नाहीत." त्याने मूठ मिटून दाखवली. "हरलो तर हरलो. माप चोख होतं की नाही?"

साखळी तीस फूट. त्यातले दीड इंच मर्लच्या मुठीत. आणि चेंडू दांड्याच्या फक्त एक इंच पुढे होता. म्हणजे ते पोचले नव्हते, अर्धा इंच मागेच होते.

"चोख होतं, मर्ल," मी म्हटलं. करवतीला धार लावून दिली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मत देऊन आलो. रांगेत उभं राहायच्या खुणा सहा फुटांवर हव्यात, त्या पाच फूट नऊ इंचांवर होत्या. काही बोललो नाही.

दुपारी खिळ्यांच्या डब्यातून कडी काढली आणि साखळीत परत बसवली. तीस फूट दीड इंच. बरोबर आहे.