मार्च महिन्याची हजेरी

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १८ फेब्रुवारी १९३२

ती. आत्यास बालके हरिश्चंद्रचा शि. सा. न. वि. वि.

रावजीकाकांच्या हाती पाठवलेले कुळीथ आणि त्याबरोबरचा तुझा चार ओळींचा दम, दोन्ही पोचले. पत्र लिहीत नाही म्हणून रागावलीस, ते बरोबर आहे. पण कचेरीत मान वर करायला फुरसत नाही. पगारात दहा टक्के काट लागली हे तुला कळलंच असेल. तुझ्याही पगाराला तीच कात्री. आता ऐकतो की मुंबई सरकारने शाळांची ग्रँटच कमी केली आहे, आणि आमच्या शाळाखात्याच्या कचेरीतले तीन कारकून घरी जाणार. हेडक्लार्क रोज एकेकाकडे असे बघतात की घास गोड लागत नाही.

मथुरेला सातवा लागला. तिला गणपतीपुळ्याला माहेरी पोचवून आलो. घर खायला उठतं. तू येऊन राहशील तर बरं, पण तू शाळा सोडून कसली येतेस.

एक चांगली बातमी म्हणजे साहेबांच्या बंगल्यावर मंगलोरी कौलं चढली. लांबून लालभडक दिसतात, बघण्यासारखी आहेत.

बाकी ठीक. मार्चचा हजेरीपट एकतीस तारखेलाच रवाना कर, एक दिवसही उशीर नको. असाच दम देत राहा. तेवढा हक्काचा आहे.

तुझा,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
कोंडवाडी, हातखंब्याजवळ, ता. २८ मार्च १९३२

चि. हरिश्चंद्र यास यमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इथे शिमगा चालू आहे आणि माझी शाळाही चालू आहे. दोन्ही एकाच पडवीत मावत नाहीत. छापील सुट्ट्यांच्या यादीत होळीचा एक दिवस आणि रंगपंचमीचा एक. ती यादी करणारा घाटावरचा असणार, त्याला इथला शिमगा कोणी दाखवलेला नाही. देवाची पालखी पंधरा दिवस वाडीवाडीतून घरोघर फिरते. आपल्या दारात पालखी यायची त्या दिवशी घरची मुलगी शाळेत बसून पाढे म्हणते, असं तू तरी कधी ऐकलं आहेस का?

मी मात्र रोज रावजीच्या पडवीत वेळेवर जाऊन बसते. पटावर सत्तावीस मुली आहेत, होळीच्या तयारीपासून महिनाभर येतात नऊ. त्या नवांतल्या चौघी ढोल ऐकला की पाणी प्यायला म्हणून उठतात, त्या थेट सहाणेवर पालखीपुढे दिसतात. ओढ्यावरच्या साकवापलीकडच्या मुलग्यांच्या शाळेचे मास्तर परवा भेटले. हसून म्हणाले की त्यांची शाळा शिमग्यातही भरलेली असते, वहीत. मलाही तसंच करायला सुचवत होते. मी म्हटलं, नऊ आल्या तर नऊच लिहीन. तू लहानपणी दुसऱ्याची बेरीज उतरवलीस म्हणून मी तुला छडी दिली होती, ती छडी मग मी कोणत्या तोंडाने दिली?

चौथीतली हौसा मात्र एक दिवस चुकली नाही. तिची आई सखू म्हणते की पोरीचा पाय पडवीतून निघत नाही. निघेल कसा, वाडीतले सगळे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, आणि त्यांची मोडीतली पत्रं सगळ्या घरांना हीच वाचून दाखवते. पूर्वी बायका पत्र घेऊन दुकानावर जायच्या आणि नवराबायकोतलं बोलणं दुकानदार चारचौघांत खणखणीत आवाजात वाचायचा. ते आता बंद झालं. माझ्या नोकरीतली एवढी एकच गोष्ट मी देवाला सांगेन.

हजेरीपट एकतीसला निघेल. मथुरेला जप. तुझ्या मंगलोरी कौलांचं कौतुक मला नको, माझ्या पडवीचा पेंढा गळतो.

आशीर्वाद आहेतच,
यमुनाआत्या

॥ श्री ॥
कोंडवाडी, ता. ९ मे १९३२

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद वि. वि.

काल तुझ्या कचेरीचा हुकूम आला. मार्च महिन्याची सरासरी हजेरी बारापेक्षा कमी भरल्यामुळे कोंडवाडीची मुलींची शाळा काटकसरीसाठी एक जूनपासून बंद. फळा, घंटा, तीन नकाशे, वाचनाची पुस्तकं आणि हजेरीपट कचेरीत जमा करावेत. माझी नोकरी त्याच तारखेला संपणार. सोळा वर्षांना साडेतीन ओळी. अक्षर मात्र फार सुरेख आहे, वळणदार मोडी, एकही काना वाकडा नाही.

मी रडले नाही. मला इतका संताप आला की चुलीवरचं दूध उतू गेलं ते मी बघत बसले. बारा महिन्यांतून यांना मार्चच सापडला! जूनमध्ये लावणीच्या चिखलातून माझ्या बावीस मुली येतात, भाद्रपदात येतात, थंडीत कुडकुडत येतात. त्यांची हजेरी कोणी मोजली नाही. सरकारचं वर्ष मार्चला संपतं म्हणून आमचा शिमगा आमच्या मुलींच्या मुळावर आला.

मुलींनी आता साकवापलीकडच्या शाळेत जावं म्हणे. पावसात पऱ्याला पाणी चढलं की साकव बुडतो, हे हुकूम काढणाऱ्याला ठाऊक नसेल, तुला आहे. लहानपणी त्याच साकवावरून मी तुला पाठुंगळीला घेऊन नेत असे.

तू त्याच कचेरीत बसतोस. मार्चवर बोट कोणी ठेवलं, कधी ठेवलं, आणि आम्हाला आधी का सांगितलं नाही, एवढं चौकशी करून कळव. माझ्या पोटासाठी विचारत नाही. हौसा उद्या लग्न होऊन गेली की तिच्यामागून पत्रं वाचणारी कोण, ते मला दिसत नाही.

वाट पाहते,
यमुनाआत्या

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १७ मे १९३२

ती. आत्याबाईंस कृतानेक शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. वाचून फार वाईट वाटले. परंतु आपणही समजून घ्यावे की हा प्रश्न एका शाळेचा नाही. सर्व देशात मंदी आहे, सरकारचे उत्पन्न घटले आहे, आणि जमाखर्चाची तोंडे मिळवण्यासाठी सर्वच खात्यांना कपात करावी लागली. जिल्ह्याला ग्रँट कमी मिळाली, तेव्हा कोठेतरी रेघ मारणे भाग होते. सरासरी हजेरी हे त्यातल्या त्यात निःपक्षपाती माप आहे, असे वरिष्ठांचे मत पडले.

चौकशी केली, पण जुने कागद दप्तरात बांधले गेल्याने तारीख वगैरे कळली नाही. आपण आता दगदग करू नये. येथे येऊन राहावे. मथुरा लवकरच बाळंत होऊन परत येईल, आपला मोठा आधार होईल.

आपला कृपाभिलाषी,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
कोंडवाडी, ता. ४ जून १९३२

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद, आणि राग वि. वि.

जन्मभर मला 'तू' म्हणालास आणि या पत्रात एकदम 'आपण' झाले. पत्र तू लिहिलंस की तुझ्या हेडक्लार्कने सांगितलं, ते कळेना. मंदी मला शिकवू नकोस. भातखाचरं तीच, भाताचा भाव निम्मा आणि सारा मात्र जुनाच, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. त्या साऱ्यावर रुपयामागे लोकल फंडाचा कर घेतात, तो कशासाठी? शाळेसाठी आणि रस्त्यासाठी. रस्ता अजून यायचा आहे आणि शाळा गेली. कर मात्र कुठे गेला नाही. सखू म्हणाली की सारा घ्यायला येतात तेव्हा शिमगा त्यांच्या आड येत नाही.

वाडीतल्या बायकांनी अर्ज केला. अंगठा एकीचाही नाही. लेकींनी आयांना आठ दिवस पाटीवर नाव गिरवायला लावलं आणि सत्तावीस सह्या झाल्या. मागणी एवढीच होती की जून ते फेब्रुवारीची हजेरी मोजा. उत्तर आलं की बजेट मंजूर झाल्यामुळे चालू साली विचार करता येत नाही. साकवापलीकडची शाळा तरली, तिची मार्चची सरासरी एकतीस. पालखी तिथेही तेवढेच दिवस होती. म्हणजे खोटं लिहिणाऱ्याची शाळा राहिली आणि खरं लिहिणारीची गेली, आणि याला तू निःपक्षपाती माप म्हणतोस. कौलांना ग्रँट होती रे, तीही लालभडक.

फळा, घंटा, नकाशे, पुस्तकं सगळं रावजीच्या गाडीतून पाठवलं. पावती घेतली आहे. सरकारची एक खडूची कांडी माझ्याकडे नाही.

मला तुझ्याकडून एकच उत्तर हवं आहे. मार्चची हजेरी धरणार, हे तुझ्या कचेरीला केव्हा कळलं? दप्तर सोडून बघ. गाठ तूच बांधली असशील.

यमुनाआत्या

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २० जून १९३२

ती. आत्यास हरिश्चंद्रचा नमस्कार. आज यापुढे काही लिहायला तोंड नाही, तरी लिहितो.

मथुरा सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. हे आनंदाने सांगायचं होतं, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय सांगवत नव्हतं.

सर्क्युलर फेब्रुवारीच्या दहा तारखेला आलं. मार्चची सरासरी बाराखाली गेली तर शाळा बंद, असं त्यात स्वच्छ होतं. शाळांना कळू द्यायचं नव्हतं. त्याची नक्कल मी केली. करतानाच शिमगा डोळ्यापुढे आला आणि तूही आलीस, कारण तू खोटं लिहिणार नाहीस हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी मी तुला कार्ड लिहिलं की मार्चमध्ये पालखीचे दिवस सोडून सकाळी लवकर शाळा भरव, कशीही कर, पण मुली बसव. ते कार्ड आठ दिवस कोटाच्या खिशात होतं. हेडक्लार्कने सर्वांना बोलावून सांगितलं की बातमी फुटली तर फोडणाऱ्याचं नाव तिघांच्या यादीत पहिलं. मथुरेला सातवा होता. मी कार्ड फाडलं आणि तुला कौलांचं पत्र लिहिलं.

हजेरीपट आला तेव्हाही मीच सरासरी काढली. नवाच्या आधी एक काढला असता तर एकोणीस झाले असते. हात उचलला नाही. हुकूमही मीच लिहिला. मग तुला ते 'आपण'चं पत्र पाठवलं, त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

माझी नोकरी राहिली आहे. तू छडी घेऊन ये, मी हात पुढे करीन.

तुझाच,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
कोंडवाडी, ता. १२ जुलै १९३२

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद वि. वि.

पहिले आशीर्वाद बाळाला. मुलगी झाली, फार चांगलं झालं. ती सहा वर्षांची झाली की तिला कुठल्या शाळेत घालणार, याचा विचार आतापासून कर.

हुकूम तुझ्या हातचा आहे, हे मी पाकीट उघडलं तेव्हाच ओळखलं होतं. त्या बोटांना वळण मीच लावलं आहे, पाटीवर हात धरून. दीड महिना वाट पाहिली की तू आपण होऊन कधी सांगतोस. विचारावं लागलं, हे मला लागलं.

नवाचे एकोणीस केले नाहीस, त्याबद्दल राग नाही. केले असतेस तर मीच तुझ्या साहेबाला लिहिलं असतं. राग या गोष्टीचा आहे की एक कार्ड टाकायला तू घाबरलास. तुला घाबरवणारे तुझ्यासारखेच पगाराला बांधलेले, आणि त्यांना घाबरवणारे मुंबईत. सगळ्यांनी एकमेकांना घाबरवून शेवटी काय वाचवलं, तर माझ्या नऊ मुलींवरचा खर्च. मोठ्या माणसांच्या कागदावर ती बचत दिसतसुद्धा नसेल.

आता इकडची बातमी. शाळा चालू आहे. लावणीमुळे दुपारची भरते, मुली चिखलाचे पाय पऱ्यावर धुऊन येतात. रावजीने पडवी सोडायला सांगितलं नाही, उलट पेंढा नवा घातला. बायका आळीपाळीने तांदूळ आणून देतात, मी नको म्हणत नाही. हजेरी घेत नाही, ती घ्यायला आता कोणी सांगत नाही. काल बावीस होत्या.

अडचण एकच, पुस्तकं नाहीत. ती सरकारची होती, परत गेली. म्हणून वाचनाला मी घरातली पत्रं काढली. तुझ्या पत्रांचा गठ्ठा सर्वांत मोठा आहे. कौलांचं झालं, 'आपण'चंही झालं. काल तुझं वीस जूनचं पत्र हौसाला दिलं. तिने उभं राहून सगळ्या मुलींसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्या आया दारात बसल्या होत्या. कुठेही अडली नाही, अक्षरच तुझं तसं आहे. वाचून झाल्यावर सखूने विचारलं की त्या कार्डावर काय काय लिहिलं होतं, ते पुन्हा एकदा वाच. हौसाने पुन्हा वाचलं.

पुढचं पत्र लवकर पाठव. त्यात ते फाडलेलं कार्ड पुन्हा सगळं लिहून काढ. तेवढं बाळबोधीत आणि मोठ्या अक्षरात लिही, लहान मुलींना मोडी अजून येत नाही. ते त्यांना वाचायचं आहे.

तुझी,
यमुनाआत्या