निळ्या पदराची खपली

जर्मनी, ९ मार्च

प्रिय बाबा,

जयभीम. मी मजेत आहे. थंडी लय आहे, पण आईनं विणलेला स्वेटर पुरून राहिला.

इथल्या चर्चमध्ये वेदीमागं लाकडाचा मोठा देव्हारा आहे, दोन दारांच्या कपाटासारखा. पाचशे वर्षांपूर्वीचा. आत येशूच्या आईची कोरलेली, रंगवलेली मूर्ती आहे. तिचा सुटत चाललेला रंग आम्ही पुन्हा चिकटवून राहिलो.

सोमवारी मले पहिल्यांदाच एकटीले बसवलं. अन् तिच्या निळ्या पदराची नखाएवढी खपली माझ्या ब्रशसंगं निघून आली! कोणी पाहिलं नव्हतं. वाटलं, सांगितलं तर घरी पाठवतील. मग आठवलं, तिकडं बेसा वस्तीतल्या फ्लॅटचा दरवाजा तुमच्याकडून इंचभर आखूड कापला गेला, तेव्हा तुम्ही स्वतःच मालकाले जाऊन सांगितलं होतं.

मी आमच्या मुख्य हेल्गाबाईंले सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खपली चिकटवता येते. लपवलेली चूक सापडत नाही, म्हणून ती वाढते." आम्ही दोघींनी मिळून माशाच्या सरसानं खपली बसवली. आता रेघही दिसत नाही. आज त्यांनी मले मूर्तीचा चेहरा सोपवला!

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली काय? फोनवर आई विषयच बदलते. काहून? तोवर कटर मशीनले हात लावू नका गा बाबा.

अन् नुसतं "बरं आहे" लिहू नका. जे आहे ते लिहा. मीही लिहिलंच ना.

तुमची,
पिंकी