भिंतीवरचा गोल

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

झालं सुरू! आजपासून चार बुधवार कर्जतला प्रशिक्षण. ज्यांना कानात आवाज येतात, भलतेसलते संशय येतात, त्यांच्याशी बोलून उपचार कसा करायचा, ते शिकायचं. सीबीटी म्हणे. कडावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून एकोणीस वर्षं घासली, आणि आता मला बोलायला शिकवणार! कोण, तर डॉ. केतन. तिशीसुद्धा नसेल. पांढरे बूट, एकशे बारा स्लाइड.

"दर्शनाताई, पेशंट म्हणाला शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, तर तुम्ही काय म्हणाल?"

म्हटलं, "असं काही नसतं, गोळी घे."

सगळ्या हसल्या. तो नाही हसला. फळ्यावर लिहिलं: वाद घालू नका, होला हो करू नका, दोघं मिळून शोधा. वा रे वा! दारात लसीची पोरं किंचाळतायत आणि मी बसते शोधत!

दुपारी नाटकं. मी पेशंट, खालापूरची एक नर्स डॉक्टर. इतक्या लाडिक आवाजात विचारत होती की मला खरंच वेड लागायची पाळी आली. उपमा मात्र बरा होता.

६ नोव्हेंबर

प्रत्येकीने एक पेशंट घ्यायचा, त्याला विचारून बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. मी किशोरचं नाव दिलं. वय सव्वीस. जूनपासून घराबाहेर पाऊल नाही. म्हणतो, आमच्या भिंतीवर खूण आहे, ती बघून लोक मला ओळखतात. कानातला आवाजही तेच म्हणतो— 'हाच तो.'

त्याची आई सोनाबाई गोळ्या न्यायला येते. दर वेळी मी खिडकीतूनच सांगते तिला, "असं काही नसतं, समजवा त्याला." आज रडली. तिचा भाऊ कोंडाजी तीस तारखेला किशोरला खालापूरकडच्या कुठल्याशा मठात नेऊन सोडणार. तिथे साखळीने बांधून ठेवतात, वर्षानुवर्षं.

"शिष्टर, त्याच्या आत एकदा त्याला दाराभाईर काडा. मंग भाऊ ऐकंल माजं."

चार स्लाइड बघून मी काढणार. हो!

१० नोव्हेंबर

गेले किशोरकडे. भिंत पाहिली. दिवाळीचा ताजा चुना, डागसुद्धा नाही. शिकवल्याप्रमाणे विचारलं, खूण आहे हे शंभरातलं किती खरं वाटतं? "शंभर." म्हटलं, अरे आत्ता बघून आले, काही नाही रे तिथे! तो भिंतीकडे तोंड करून पडला. संपलं संभाषण. रेकॉर्डिंग चार मिनिटं.

१२ नोव्हेंबर

त्या पांढऱ्या बुटाने माझं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं! वर म्हणतो, "ताई, चार मिनिटांत तुम्ही अकरा वेळा 'नाही' म्हणालात." मेला, मोजत बसला होता!

गृहपाठ दिला. किशोरने स्वतः एक प्रश्न ठरवायचा, लोक काय उत्तर देतील तेही आधी सांगायचं, आणि मी जाऊन विचारायचं. मग जे निघेल ते दोघांनी बघायचं.

१५ नोव्हेंबर

गृहपाठ! चव्वेचाळिसाव्या वर्षी!

१७ नोव्हेंबर

किशोरने प्रश्न दिला— आमच्या घरावर कधी खूण होती का? म्हणाला, सगळे हो म्हणतील. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचा तोंडघशी पडेल. दूध घालतात तिथे गेले. दूध मोजून घेणाऱ्या रोहिदासला विचारलं.

"व्हती की. गेरूचा लाल गोल. तुमच्या दीक्षानीच काडला, पौषात. येड्यांच्या घरांवर काडत व्हती ना ती?"

आमच्या उपकेंद्राच्या आशा कार्यकर्तीला, दीक्षाला, तिथूनच फोन लावला.

"सिस्टर, तुम्हीच तर सांगितलं होतं! सर्व्हेत मनाचा आजार निघेल त्या घरावर पोलिओसारखी खूण करून ठेव, पुन्हा शोधत फिरायला नको."

सांगितलं होतं. जानेवारीच्या मीटिंगमध्ये, चहा पिता पिता. विसरूनही गेले.

सोनाबाई मागल्या दारी भात पाखडत होती. तिला विचारलं. तिला माहीत होतं! तो गोल पोराला छळतो म्हणून तिनेच दिवाळीला चुना मारला, आणि खूण कधी नव्हतीच असं त्याला सांगितलं.

"मग त्याला खूण नव्हतीच असं का सांगितलंत?"

"तुमी म्हनलात ना खिडकीतनं, असं काय नसतं. तुमी शिकलेल्या. तुमी नाय म्हनताय तर मी कशी हाय म्हनू?"

किशोरला न भेटताच पळाले. पळालेच!

१९ नोव्हेंबर

"गृहपाठ झाला का, ताई?"

"राहिला."

बाकीच्यांची रेकॉर्डिंग ऐकून आज एकदाही हसले नाही. कुठल्या तोंडाने हसणार?

२१ नोव्हेंबर

आज सांगितलं किशोरला. खूण होती. माझ्या सांगण्यावरून काढली.

तो उठून बसला. मग म्हणाला, "म्हंजे तुमी सगळी खोटं बोलत व्हतात. आन् येडा मी?"

'चुकलं माझं' एवढंच म्हटलं. मग तो बोलत सुटला— पोरं गोलाकडे बोट दाखवायची, बायका पदराआड हसायच्या. मी ऐकत राहिले. शेवटी विचारतो, "आन् तो आवाज? तो पन तुमचाच?"

"नाही रे. तो कसला ते मला ठाऊक नाही. शोधू आपण." आणि मी ते मनापासून म्हणाले!

खूण होती: शंभर. लोक अजून टपून आहेत: साठ. आणि गोळी बंद करणार नाही म्हणाला, आपणहून.

२६ नोव्हेंबर

सकाळी किशोर माझ्याबरोबर दूध घालायला आला! दोनशे पावलं. घामाने निथळत होता. रोहिदास म्हणाला, "ये रं किशोर, कुठं व्हतास?" बस, एवढंच. घरी आल्यावर म्हणाला, साठावरून पस्तीस.

दुपारी प्रशिक्षणात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. ती लाडिक आवाजाची खालापूरवाली जेवताना हळूच म्हणाली, "आम्हीपण करतो खूण." केतनने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि नजर वर न करता म्हणाला, "हे मी शिकवायला हवं होतं." बूट आज चिखलाने भरले होते. मुलगा वाईट नाही.

३० नोव्हेंबर

कोंडाजी जीप घेऊन आला. बरोबर दोन धट्टेकट्टे. मी आधीच जाऊन बसले होते. किशोर अंगणात उभा! "मामा, चा घे. मी येत नाय." कोंडाजी माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, चूक आमची होती, तो खरं बोलत होता, हवं तर लिहून देते. पुष्कळ कुरकुरला. चहा प्यायला. जीप रिकामी गेली.

सोनाबाईने माझे दोन्ही हात धरले. नाचावंसं वाटलं मला! एकोणीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं.

१ डिसेंबर

दीक्षाकडून गोल काढलेल्या घरांची यादी घेतली. अकरा घरं. सातवं घर वाडीवरच्या नागूचं. मे महिन्यात त्याची बायको मंगळी खिडकीशी आली होती, भिंतीवरचं कायतरी बघून घाबरतोय म्हणाली. मी हसले होते. डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून दिली होती.

आज वाडीवर गेले. नागू जूनपासून त्याच मठात आहे. परवाच मंगळी बघून आली.

"आता गोलाचं काय बोलत नाय तो, शिष्टर. कायच बोलत नाय."