चुन्याचं पांढरं हेल्मेट

२ फेब्रुवारी, कारंजा
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या सवयी आधीच लावून घेतलेल्या बऱ्या.
कंपनी प्रचंड मोठी. देशभर पूल, धरणं, पाइपलाइनी. इथे काम धरणाचं पाणी गावोगाव पोचवण्याचं. मी हायर अप्रेंटिस. साधे अप्रेंटिस आयटीआयचे, हायर म्हणजे डिग्रीवाले. या साइटवर हायर दोघेच, मी आणि सपना. मार्चअखेर दोघांपैकी एकाला कायम करणार. सपनासाठी वाईट वाटतं. कष्टाळू आहे बिचारी.
एकच गोष्ट खटकते. इंजिनिअरला पांढरं हेल्मेट, कामगाराला पिवळं, अप्रेंटिसला हिरवं. डिग्रीवाल्यालाही हिरवंच! साइटचे इंजिनिअर सतीश सर, त्यांच्याशी या विषयावर सविस्तर बोलणार.

५ फेब्रुवारी
बोललो. सर म्हणाले, आधी चहाचं सांगून ये.

९ फेब्रुवारी
दिवसभर लेव्हल घेतली, जमिनीचा चढउतार मोजायला. म्हणजे मी उन्हात पट्टी धरून उभा आणि सपना दुर्बिणीतून आकडे वाचत होती. पट्टी हलली की सगळं काम वाया जातं, म्हणूनच सरांनी ती माझ्याकडे दिली असणार. दोनदा हलली. वारा होता.

१५ फेब्रुवारी, इंझोरी
सुट्टी. घरी आलो. सरांचं पांढरं हेल्मेट जीपमध्ये बेवारस पडलं होतं, कोणी पळवू नये म्हणून सोबत आणलं. हातात धरायला अवघड, त्यामुळे एसटीतून उतरताना डोक्यावर होतं. स्टँडवर सरपंच पंजाबराव भेटले. रामराम साहेब, म्हणाले. साहेब!
आईने विचारलं की घरात कायले टोपडं घालून राह्यला, भिंत पडून राह्यली का? बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. अभिमानाने माणूस मुका होतो.

१६ फेब्रुवारी
सर साइटभर हेल्मेट शोधत होते. मीही शोधू लागलो. दुपारी मलाच सापडलं. शाबासकी नाही.

२२ फेब्रुवारी
आज फ्लॅंज, म्हणजे पाइपांचा जोड, शिकवला. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणायची, मध्ये रबराचं पॅकिंग घालायचं आणि कडेने गोल लावलेले बोल्ट आवळायचे. सरांनी बजावलं की ओळीने आवळायचे नाहीत. एक थोडा आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग पुढची जोडी, नाहीतर पॅकिंग एका बाजूने दबतं. सपनाने लगेच खडूने नंबर घातले. मी लक्षात ठेवलं. तसंही बोल्ट आवळला म्हणजे आवळला.
संकल्प: पहाटे उठून ड्रॉइंग वाचायचं. डास फार आहेत, हिवाळ्यात सुरुवात करू.

१ मार्च
लाइन इंझोरीकडे वळली! खोदाईआधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून रेघ आखतात, ते काम माझ्याकडे. चुन्याची अख्खी गोणी माझ्या ताब्यात. जबाबदाऱ्या वाढत चालल्यात.
रात्री बाबांचा फोन. पाण्याचा दाब देऊन लाइन तपासायची त्या दिवशी सारं गाव टाकीपाशी जमणार म्हणे. पंजाबराव माझा सत्कार करणार, शाल आणि नारळ. बाबांचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता.
आणि माझ्या डोक्यावर हिरवं. 

६ मार्च
उत्तर गोणीतच होतं! चुना, पाणी, थोडा गोंद. दोन हात मारले. नियम हेल्मेट घालण्याचा आहे आणि हेल्मेट मी घालणारच आहे. शिवाय सर त्या दिवशी दूर पंपापाशी असतील.

१० मार्च
गाव माझं म्हणून टाकीजवळच्या चेंबरमधला, म्हणजे बांधलेल्या खड्ड्यातला, फ्लॅंज माझ्याकडे. सपना तपासायला आली. तिला म्हटलं, मी तपासलाय, तू पुढे जा. ती पुढच्या चेंबरकडे गेली.
ओळीने आवळत गेलो, चहाच्या आत काम खलास. वेळ वाचवणं हीसुद्धा इंजिनिअरिंगच.

१४ मार्च, सकाळ
हेल्मेट खडखडीत वाळलंय. आरशात अर्धा तास गेला. सर आज इकडेच थांबणार म्हणाले. असू दे, मी चेंबरमध्येच राहीन.

१४ मार्च, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.
दाब वाढला. माझ्या जोडातून आधी थेंब, मग बारीक धार आणि मग सगळा फवारा थेट माझ्या तोंडावर. वर चढून आलो तेव्हा डोकं हिरवं आणि चेहरा पांढराफटक. बायकांनी पदर तोंडाला लावले. पंजाबरावांनी सत्काराची शाल मला अंग पुसायला दिली.
सरांनी एवढंच विचारलं की फ्लॅंज कोणी आवळला. मी म्हणालो, पॅकिंग सदोष असावं. सपना चेंबरमध्ये उतरली. सगळे बोल्ट सैल केले आणि समोरासमोरचे आवळत गेली. पॅकिंग तेच. मी वरून एकेक पाना देत होतो.
टाकीत पाणी आलं. मी गर्दीच्या मागे उभा होतो.

१५ मार्च, इंझोरी
जेवताना बाबांना सांगायला सुरुवात केली की हिरव्या रंगाचा अर्थ तांत्रिक असतो. बाबा म्हणाले, हिरवं म्हंजे शिकाऊ, मले माहीत हाय. मागच्या महिन्यातच कारंज्याच्या बाजारात कंपनीचा एक पोरगा भेटला होता, त्याले इचारलं. पंजाबरावलेही माहीत हाय, साऱ्या गावाले माहीत हाय.
मग मला साहेब काहून म्हणत होते?
आई म्हणाली, तुले आवडे म्हणून.
हातातला घास ताटात ठेवला. मग सत्कार कशाचा होता, विचारलं. बाबा म्हणाले, शिकाऊचाच होता ना बाप्पा. साहेब लोकं तं लय येतात न् जातात. आपल्या गावचं पोरगं आपल्याच गावाचं पाणी जोडून राह्यलं, त्याचा होता.
फार लाज वाटली. आज याहून जास्त लिहिवत नाही.

३१ मार्च
सपना कायम झाली. पांढरं हेल्मेट तिला जरा सैल होतं, पण शोभतं. मला अजून एक वर्ष अप्रेंटिस. सर म्हणाले, हेल्मेट स्वच्छ धुऊन ये. सरांना मला इतक्यात सोडवत नाही, असा एक अर्थ निघू शकतो.

१२ एप्रिल, इंझोरी
घरी नळ आला. आईने पाण्याचा पहिला पितळी गुंड भरला आणि गल्लीभर सांगून आली. संध्याकाळी नळाचा जोड ठिबकायला लागला. मी पाना घेऊन उठलो.
आई म्हणाली, थांब बाप्पा, हात नोको लावू. आधी सपनाले इचार.
फोन लावला.